बाह्य मॉनिटरचा आवाज आणि तिऱ्हाईत आज्ञावली : एक चिकित्सक विचार

बीजशब्द : बाह्य मॉनिटर, ध्वनिपातळी, तिऱ्हाईत ॲप, डीडीसी/सीआय, वऱ्हाडी बोली, ध्वनिपाठ

प्रस्तावना

पडद्यावरचे अक्षर बारीक दिसले तर विद्यार्थी पुढच्या बाकावर येऊन बसतो. न ऐकू आलेला शब्द मात्र गेला तो गेलाच. दृक्‌श्राव्य साधनांच्या चर्चेत ‘दृक्’ला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे ‘श्राव्य’ला मिळालेले नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ च्या सुधारित चौकटीत माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुविधा असलेल्या वर्गखोल्यांची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली. अशा खोल्या किती आहेत याची मोजदाद होते. त्या खोलीत शेवटच्या बाकावर काय ऐकू येते याची होत नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालये या सर्वसाधारण स्थितीला अपवाद असण्याचे कारण नाही.

लॅपटॉप एचडीएमआय तारेने मोठ्या मॉनिटरला जोडला की चित्राबरोबर ध्वनीही त्याच तारेतून जातो आणि मॉनिटरमध्ये बसवलेल्या स्पीकरमधून उमटतो. येथे एक साधा प्रश्न उभा राहतो : आता आवाज कमी-जास्त करायचा तो कोठून? ॲपलच्या संगणकावर आवाजाची कळ दाबली तर बहुधा नकाराचे चिन्ह दिसते. विंडोजवर कळ चालते. परंतु ती शंभरावर नेली तरी आवाज पुरत नाही, कारण मॉनिटरच्या स्वतःच्या यादीत तो कोणीतरी आधीच खाली आणून ठेवलेला असतो. मॉनिटरची बटणे मागच्या बाजूला, चाचपडून शोधावी लागतील अशी असतात. ही अडचण दूर करण्यासाठी संगणक बनविणारा आणि मॉनिटर बनविणारा या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या आज्ञावली, म्हणजे तिऱ्हाईत ॲप, पुढे आल्या आहेत.

प्रस्तुत लेखात या ॲपचे कार्य समजून घेऊन त्यांची चिकित्सा केली आहे. ‘कोणते ॲप चांगले’ अशी यादी देणे हा हेतू नाही. आवाजाची एक पट्टी पडद्यावर आणून ठेवताना हे ॲप वापरणाऱ्याला नेमके काय देते आणि काय झाकून ठेवते, हा विवेचनाचा विषय आहे. चिकित्सेची कसोटी म्हणून वऱ्हाडातील मौखिक परंपरा आणि बोली यांचे अध्यापन डोळ्यांसमोर ठेवले आहे. कारण तेथे ध्वनी हाच पाठ असतो.

आवाजाची दोन ठिकाणे

ध्वनी संगणकातून बाहेर पडतो तेव्हा तो आकड्यांच्या स्वरूपात असतो. ध्वनिलहरीच्या उंचीची सेकंदाला हजारो वेळा, सामान्यतः ४८,००० वेळा, घेतलेली मापे म्हणजे हे आकडे. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या तारेतून ते मॉनिटरपर्यंत जातात. तेथे त्यांचे विद्युत्लहरीत रूपांतर होते, ॲम्प्लिफायर ती लहर वाढवतो आणि स्पीकरचा पडदा हलतो. या प्रवासात आवाज बदलण्याची मुख्य ठिकाणे दोन. पहिले संगणकात : आकडेच लहान करून पाठवायचे. दुसरे मॉनिटरमध्ये : आकडे पूर्ण उंचीने येऊ द्यायचे आणि तेथे आवाज कमी-जास्त करायचा. विहिरीवरची मोटर मंद चालवणे आणि वाफ्याच्या तोंडाशी माती लावून पाणी अडवणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. वाफ्यात पाणी कमी पोहोचले एवढे दोन्हींत सारखे; बाकी सारे निराळे.

वर्गात तर पहिल्या ठिकाणीच अनेक पट्ट्या एकामागून एक लागलेल्या असतात. यूट्यूबच्या चौकटीत एक, ब्राउझरसाठी विंडोजच्या मिक्सरमध्ये दुसरी, संपूर्ण संगणकासाठी तिसरी. त्यानंतर मॉनिटरची चौथी. या पट्ट्यांचा परिणाम बेरजेने होत नाही, गुणाकाराने होतो. उदाहरणादाखल, संगणकातील तीन पट्ट्यांपैकी प्रत्येकीने लहरीची उंची निम्मी केली असे मानले, तर मॉनिटरपर्यंत मूळ उंचीचा आठवा भाग पोहोचतो. ध्वनिशास्त्राच्या मापाने ही घट सुमारे १८ डेसिबल होते. अशा वेळी मॉनिटरचा आवाज शंभरावर नेऊनही शब्द स्पष्ट होत नाहीत. ॲम्प्लिफायरची स्वतःची सरसर मात्र तितकीच राहते आणि आकडे लहान झाल्यामुळे ती शब्दांच्या तुलनेत अधिक जाणवू लागते. ‘स्पीकरच हलके आहेत’ असा निष्कर्ष मग काढला जातो आणि नवीन खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. वास्तविक दोष पुष्कळदा स्पीकरचा नसून पट्ट्यांच्या मांडणीचा असतो.

कार्यप्रणालींच्या भूमिका

या प्रश्नाकडे कार्यप्रणाली कोणत्या दृष्टीने पाहतात हे लक्षात घेतल्याशिवाय तिऱ्हाईत ॲपची गरज कळत नाही. विंडोजची भूमिका सोयीची आहे. जोडलेल्या साधनात आवाजाचे नियंत्रण नसेल, तर विंडोज स्वतः आकडे लहान करून पाठवते. कळ कधी मुकी राहत नाही. परंतु मॉनिटरमध्ये आणखी एक आवाज आहे याची वाच्यता ती करत नाही. व्हिस्टा (२००७) पासून प्रत्येक ॲपसाठी वेगळी पट्टी मिळाली. सोय वाढली, त्याबरोबर गुणाकारही वाढला.

मॅकओएसची भूमिका नकाराची आहे. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेले साधन आवाजाचे नियंत्रण जाहीर करत नसेल, तर पट्टी फिकी पडते आणि ‘त्या साधनाचीच बटणे वापरा’ असा सल्ला मिळतो. या भूमिकेच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आवाज एकाच ठिकाणी ठरावा, तारेतून जाणारे आकडे जसेच्या तसे जावेत, हा त्यामागील विचार चुकीचा नाही. तथापि तो व्यवहारात टिकत नाही. पहिले कारण असे, की पुष्कळ मॉनिटरची बटणे वापरण्याजोगी नसतात. दुसरे अधिक महत्त्वाचे : ॲपलने २०२२ मध्ये आणलेल्या स्टुडिओ डिस्प्लेवर हीच कळ निर्वेधपणे चालते, कारण तेथे ध्वनी यूएसबीच्या मार्गाने जातो आणि यूएसबीच्या ध्वनिविषयक प्रमाणात आवाजाच्या आज्ञेला जागा ठेवलेली आहे. म्हणजे अडचण तत्त्वाची नाही. कोणत्या वाटेने आज्ञा पाठवायची या निवडीची आहे.

लिनक्समध्ये ध्वनिसेवा आवश्यक तेथे आकडे लहान करते; शिवाय मॉनिटरशी थेट बोलण्यासाठी ‘डीडीसीयुटिल’ हे मुक्त साधन उपलब्ध आहे. ते आज्ञा टंकून वापरावे लागते, म्हणून सामान्य प्राध्यापकाला परके वाटते. परंतु कोणत्या मॉनिटरला, कोणत्या गुणधर्माचे, कोणते मूल्य पाठविले हे त्याइतके स्वच्छ दुसरे कोणतेही साधन सांगत नाही.

तिऱ्हाईत ॲपचे दोन मार्ग

मॉनिटरशी बोलण्याची वाट नवी नाही. व्हेसा या पडदा-प्रमाणे ठरविणाऱ्या संघटनेने १९९४ मध्ये संगणक आणि पडदा यांच्यातील माहितीची वाट (डीडीसी) निश्चित केली. सुरुवातीला त्या वाटेने पडदा केवळ आपली ओळख सांगत असे. १९९८ मध्ये तिला आज्ञांची जोड मिळाली. हीच डीडीसी/सीआय पद्धती. कोणत्या आज्ञेचा कोणता क्रमांक हे एमसीसीएस या सोबतच्या प्रमाणाने ठरविले. सोळा पायाच्या गणनेत १० हा क्रमांक प्रकाशमानतेचा, ६० हा जोडणी बदलण्याचा आणि ६२ हा स्पीकरच्या आवाजाचा. मॉनिटरच्या आवाजाला संगणकावरून हात घालता यावा ही तरतूद अशा रीतीने पाव शतकाहून अधिक काळ प्रमाणग्रंथांत आहे. कार्यप्रणालींनी मात्र ती सामान्य वापरणाऱ्याच्या हाती दिली नाही. तिऱ्हाईत ॲपचा पहिला मार्ग या दुर्लक्षित वाटेचा आहे. मॅकवरील ‘मॉनिटरकंट्रोल’, ‘बेटरडिस्प्ले’ आणि ‘लूनार’, विंडोजवरील ‘ट्विंकल ट्रे’ आणि ‘कंट्रोलमायमॉनिटर’ ही या मार्गाची उदाहरणे होत. कळ दाबली की ॲप ६२ क्रमांकाची आज्ञा मॉनिटरला पाठवते. आवाज खऱ्या अर्थाने मॉनिटरमध्येच बदलतो.

दुसरा मार्ग संगणकातला आहे. ॲप कार्यप्रणालीला एक काल्पनिक ध्वनिसाधन दाखवते किंवा ध्वनी मधल्यामध्ये आपल्याकडे घेते, आकडे लहान-मोठे करते आणि मग ते मॉनिटरकडे रवाना करते. मॅकवर २००४ मध्ये आलेल्या ‘साउंडफ्लॉवर’ने ही कल्पना रूढ केली. पुढे ‘बॅकग्राउंड म्युझिक’ हे मुक्त ॲप आणि ‘साउंडसोर्स’ हे विकत मिळणारे ॲप याच दिशेने गेले. मॉनिटर आज्ञा ऐको वा न ऐको, हा मार्ग चालतो. शिवाय प्रत्येक ॲपला वेगळा आवाज, स्वरांचा समतोल, हळू आवाज उचलून धरण्याची सोय अशी जोडकामे त्याला करता येतात.

मॅकवर ज्याला हे दोन्ही मार्ग माहीत नाहीत तो मॉनिटरची बटणेच चाचपत राहतो. या अर्थाने दोन्ही प्रकारच्या ॲपनी एक खरी उणीव भरून काढली आहे, आणि त्यांतील पुष्कळशी ॲप स्वयंसेवकांनी फावल्या वेळात लिहिलेली आहेत, याची कृतज्ञ नोंद कोणत्याही चिकित्सेने आधी घेतली पाहिजे.

एका पट्टीमागचे दोन अर्थ

उणीव भरण्याच्या ओघात एक नवी संदिग्धता मात्र निर्माण झाली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी पट्टी दोन्ही मार्गांत सारखीच असते. स्पीकरचे तेच चिन्ह, सरकणारा तोच ठिपका, तीच टक्केवारी. ती मोटर मंद करते आहे की वाफ्याचे तोंड बंद करते आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. या ॲपची गुणवत्ता ठरविताना ही बाब सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. तिच्यातून तीन परिणाम संभवतात.

पहिला परिणाम मागे राहणाऱ्या स्थितीचा. आज्ञेने बदललेला आवाज मॉनिटरमध्ये साठून राहतो. एका तासाला कोणी मॉनिटर शंभरावर नेऊन ठेवला आणि पुढच्या तासाला दुसऱ्या संगणकावरून पूर्ण उंचीचे आकडे आले, तर वर्ग दचकतो. उलट, आकडे लहान करणारे ॲप बंद केले किंवा कोलमडले, तर अडवलेले सारे पाणी एकदम वाफ्यात शिरते. सामाईक वर्गखोलीत, जेथे दिवसभरात अनेक प्राध्यापक एकच मॉनिटर वापरतात, तेथे कोणती स्थिती कोठे राहते हे माहीत असणे हा शिष्टाचाराचाही भाग आहे.

दुसरा परिणाम एकतर्फी संवादाचा. डीडीसीच्या वाटेने मॉनिटरला विचारताही येते. पण अनेक मॉनिटर उत्तर देत नाहीत किंवा चुकीचे देतात. मग ॲप आपण शेवटी पाठविलेला आकडाच खरा मानून चालते. मधल्या काळात कोणी मॉनिटरचे बटण दाबले असेल, तर पट्टी ४० दाखवते आणि मॉनिटर ७० वर असतो. अशी पट्टी मापक नव्हे. तो निव्वळ अंदाज असतो. ‘मॉनिटरकंट्रोल’मध्ये सुरुवातीला मूल्य वाचावे, आधीचे लादावे की काहीच करू नये, हे वापरणाऱ्याला ठरवू दिले आहे. ही त्याची जमेची बाजू. परंतु हा पर्याय प्रगत मांडणीच्या पडद्याआड आहे. तेथपर्यंत किती जण पोहोचतील, हा प्रश्न उरतो.

तिसरा परिणाम ध्वनीच्या गुणवत्तेचा. आकडे लहान केल्याने ध्वनीचा तपशील हरवतो, असा आक्षेप जाणकारांकडून घेतला जातो. शास्त्रदृष्ट्या तो खरा आहे : १६ बिटांच्या ध्वनीत दर ६ डेसिबल घटीमागे एक बिट खर्ची पडतो, २४ डेसिबलच्या घटीत चार. तथापि आजची कार्यप्रणाली आतल्या आत अधिक अचूक आकडेमोड करते आणि एचडीएमआयच्या तारेतून २४ बिटांचे आकडेही जाऊ शकतात. वर्गातील पंख्याच्या आवाजापुढे ही हानी कानाला जाणवण्याजोगी राहत नाही. या आक्षेपाला अवास्तव महत्त्व मिळाले आहे. खरा धोका उलट टोकाला आहे. व्हीएलसीसारख्या प्रणालीत पट्टी १०० टक्क्यांच्या वर नेता येते, काही ॲपही असे वर्धन देतात. आकड्यांची कमाल मर्यादा ओलांडली की लहरींचे माथे कापले जातात आणि शब्द फाटतात. आवाज वाढतो, ऐकू येणे वाढत नाही. मॉनिटरचा आवाज खाली असताना त्याची भरपाई संगणकातून करणे ही या फाटक्या ध्वनीची सर्वांत सामान्य वाट आहे.

वऱ्हाडी ध्वनिपाठाची कसोटी

वरील विवेचन तांत्रिक वाटेल. अध्यापनाच्या एका प्रत्यक्ष विषयावर ते पारखले की त्याचा अर्थ उलगडतो. संत गाडगेबाबा यांचे नाव अमरावती विद्यापीठाला दिलेले आहे. त्यांचे कीर्तन हा मराठी मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय. बाबांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा पाठ म्हणजे त्यांचे बोलणे. डिसेंबर १९५६ मधील निधनाच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, ही मराठीच्या अभ्यासकांसाठी मोलाची गोष्ट आहे.

या कीर्तनशैलीचा प्राण प्रश्नोत्तरात आहे. बाबा प्रश्न टाकतात, श्रोते एकमुखाने उत्तर देतात. मधेच नामघोष उसळतो, पुन्हा बोलणे खाली येते. हळू आणि मोठा यांतील हे अंतर म्हणजे केवळ ध्वनिमुद्रणाचा चढउतार नव्हे. वक्ता आणि समूह यांच्यातील नाते त्यातून कळते. आता ‘हळू आवाज उचलून धरणारी’ सोय चालू असलेल्या ॲपमधून हे कीर्तन ऐकवले, तर बाबांचा प्रश्न आणि जमावाचे उत्तर जवळपास एकाच पातळीवर येतील. प्रत्येक शब्द ऐकू येईल, परंतु कीर्तनाचा नाट्यबंध सपाट होईल. चित्रपट पाहताना उपकारक असलेली सोय येथे पाठभेद घडवते. हस्तलिखिताची प्रत करताना लेखनिकाने अवघड जागा सोप्या करून टाकाव्यात, तसाच हा प्रकार. लेखनिकाचा हस्तक्षेप पाठचिकित्सक शोधून काढतो. ॲपचा हस्तक्षेप कोठेही नोंदला जात नाही. म्हणून ध्वनिपाठ ऐकवताना अशा सोयी बंद ठेवणे आणि आवाज मॉनिटरमध्येच ठरविणे, हा संहितेशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग होय.

बोलीच्या अभ्यासात प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : काळा–काया, डोळा–डोया. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील संवाद वाचताना ही बोली डोळ्यांना दिसते; पण लेखणीने ‘य’ लिहिला म्हणजे उच्चार पूर्णपणे कळला असे होत नाही. तो कानानेच पकडावा लागतो. एकाच व्यक्तीच्या तोंडी ‘ळ’ आणि ‘य’ दोन्ही येतात का, औपचारिक बोलण्यात कोणता येतो, पिढीगणिक काय बदलले, हे प्रश्न क्षेत्रीय ध्वनिमुद्रणावरूनच सुटतात. आवाज मर्यादेबाहेर वाढवून लहरींचे माथे कापले गेले, की स्वर आणि व्यंजन यांच्यामधला हा क्षणाचा बदल सर्वांत आधी धूसर होतो. विद्यार्थी मग जे ऐकू आले नाही ते प्रमाण भाषेच्या सवयीने भरून काढतो आणि ‘काया’चे ‘काळा’ लिहितो. बोलीचा पुरावा अशा रीतीने वर्गातच पुसला जातो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य २०२४ मध्ये सुरू झाले असताना, बोलींची ध्वनिसामग्री कशी ऐकली आणि ऐकवली जाते हा प्रश्न केवळ तंत्रसाहाय्यकाचा राहिलेला नाही.

परवानगी, मालकी आणि टिकाऊपणा

ॲपची चिकित्सा त्याच्या उपयुक्ततेवर थांबत नाही. ते संगणकात शिरताना काय मागते, हेही पाहावे लागते. आज्ञा पाठविणाऱ्या ॲपला कीबोर्डवरील आवाजाची कळ पकडण्यासाठी मॅकवर विशेष परवानगी द्यावी लागते. ध्वनी मधल्यामध्ये घेणाऱ्या ॲपची मागणी याहून मोठी असते. संगणकातून जाणारा सारा ध्वनी त्याच्या हातून जातो. त्यात ऑनलाइन बैठक, मुलाखत, परीक्षा मंडळाची चर्चा हे सर्व आले. प्रतिष्ठित ॲप या अधिकाराचा गैरवापर करतात असे म्हणण्याला आधार नाही. परंतु आवाज कमी करण्याच्या किरकोळ कामासाठी इतका मोठा अधिकार द्यावा का, हा विवेकाचा प्रश्न आहे. आणि सामाईक संगणकावर तो एका व्यक्तीने इतरांच्या वतीने सोडवू नये.

येथे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ‘कंट्रोलमायमॉनिटर’ फुकट आहे, पण त्याची मूळ संहिता पाहता येत नाही. ‘मॉनिटरकंट्रोल’, ‘बॅकग्राउंड म्युझिक’, ‘ट्विंकल ट्रे’ आणि ‘डीडीसीयुटिल’ यांची संहिता खुली आहे. संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थी ती वाचू शकतो, त्रुटी दाखवू शकतो. महाविद्यालयासाठी हा मोकळेपणा किमतीपेक्षा मोलाचा आहे.

टिकाऊपणाचा धडा नोव्हेंबर २०२० ने दिला. ॲपलने स्वतःची एम-१ चिप असलेले संगणक आणले आणि मॉनिटरशी बोलण्याची जुनी वाट त्यांवर बंद पडली. स्वयंसेवकांनी ॲपलने अधिकृतपणे खुली न केलेली नवी वाट शोधून काढली आणि २०२१ मध्ये ‘मॉनिटरकंट्रोल’मध्ये ती आणली. तरीही एम-१ आणि प्राथमिक श्रेणीच्या एम-२ संगणकांच्या अंगच्या एचडीएमआय जोडणीतून ‘मॉनिटरकंट्रोल’ला ही आज्ञा पाठवता येत नाही. यूएसबी-सी जोडणीतून जाते. डिस्प्लेलिंक प्रकारच्या डॉकमधूनही मॅकवर ती जात नाही. म्हणजे तेच ॲप, तोच मॉनिटर, केवळ तार दुसऱ्या भोकात लावली म्हणून कळ मुकी होते. विंडोजने मॉनिटरला आज्ञा देण्याची वाट व्हिस्टापासून दस्तऐवजांसह खुली ठेवली आहे, हा या संदर्भात तिचा मोठा गुण. ज्या दारावर मालकाची पाटी नाही त्या दारातून ये-जा करणाऱ्याला ते केव्हा बंद होईल हे सांगता येत नाही; तिऱ्हाईत ॲपच्या भवितव्याचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही.

टक्के आणि डेसिबल

पट्टीवरील टक्केवारीविषयी एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. कानाला दुप्पट वाटणारा आवाज म्हणजे साधारणतः १० डेसिबलची वाढ. पट्टी ५० वर असली म्हणजे आवाज निम्मा असतो असे नाही. ५० चा अर्थ प्रत्येक मॉनिटर आपल्या मर्जीने लावतो. एकाचा ३० दुसऱ्याच्या ६० इतका असू शकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा घातली. जानेवारी २०२५ मधील निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकांतच डेसिबलची मर्यादा बसविण्याच्या यंत्रणेचा राज्य शासनाने विचार करावा असे सुचविले. कायदा डेसिबलमध्ये बोलतो, ॲप टक्क्यांत. दोघांमध्ये अनुवादक नाही, कारण ॲपला खोली किती मोठी आणि श्रोता किती दूर हे माहीत नसते. ‘मॉनिटरकंट्रोल’च्या प्रगत मांडणीत आज्ञेची किमान-कमाल मर्यादा ठरवता येते. वर्गात एकदा प्रत्यक्ष ऐकून ती ठरविली, तर अनवधानाने होणारा गोंगाट टळेल. शेवटी मोजणारे साधन शेवटच्या बाकावरचा कान हेच.

निष्कर्ष

१. बाह्य मॉनिटरचा आवाज एक नसून दोन ठिकाणी ठरतो. तिऱ्हाईत ॲप या दोहोंपैकी एका ठिकाणी काम करते. पण बहुधा ते कोणते हे पट्टी सांगत नाही. आपण कोठे काम करतो हे स्पष्ट सांगणारे ॲप, सोयी कमी असल्या तरी, श्रेष्ठ मानावे.

२. वर्गखोलीत संगणकातील पट्ट्या वरच्या पातळीवर स्थिर ठेवून मॉनिटरमध्ये आवाज ठरविणे हा सामान्यतः योग्य क्रम होय. त्यासाठी डीडीसी/सीआयच्या वाटेने जाणारे, खुल्या संहितेचे ॲप प्रथम पसंतीचे ठरते. १०० टक्क्यांच्या वरचे वर्धन टाळावे.

३. ध्वनी मधल्यामध्ये घेणारे ॲप वैयक्तिक संगणकावर उपयुक्त आहे. सामाईक संगणकावर ते संस्थेच्या निर्णयाशिवाय बसवू नये. कीर्तन, लोकगीत, बोलीचे नमुने ऐकवताना आवाज समतल करणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात.

४. जेथे यांपैकी काहीच साधत नाही, तेथे स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि त्याचे गोल बटण हा जुना मार्ग कमीपणाचा नाही. ते बटण कोठे आहे आणि कितीवर आहे हे खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. कोणत्याही ॲपच्या पट्टीला हा गुण अद्याप पूर्णपणे साधलेला नाही.

५. तंत्रज्ञानसुसज्ज वर्गखोलीची नोंद करताना पडद्यांच्या संख्येबरोबर शेवटच्या बाकावरील श्रवणाचीही तपासणी व्हावी. प्रत्येक सत्राच्या आरंभी वऱ्हाडी बोलीतील पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावावे, शेवटच्या बाकावर बसून ते लिहून घ्यावे आणि मूळ संहितेशी ताडून पाहावे. ‘काया’ हा शब्द ‘काया’ असाच उतरला, तर ती खोली अध्यापनास योग्य समजावी.